दुर्गम खेड्यांतील भुताळी नायिका

मराठींत भयप्रीतीच्या कादंबऱ्यांना कधींच वाण पडत नाहीं. त्यांचा सांगाडा ठरलेला असतो. शहरांतील एक सुशिक्षित तरुण भर पावसांत एका दुर्गम खेड्यांत उतरतो. तेथल्या पडक्या वाड्यांत एक विलक्षण सुंदर तरुणी एकटी राहते. गांवकरी तिच्याविषयीं कुजबुजतात. तरुण त्या कुजबुजीस हंसतो आणि तिच्यावर भाळतो. मग दोनशें पृष्ठें एकच प्रश्न: ही बाई माणूस, कीं दुसरें कांहीं? शेवटच्या प्रकरणांत उत्तर मिळतें: दुसरें कांहीं!

आमचें भांडण भुतांशीं नाहीं. 1861 सालच्या ‘मुक्तामाले’पासून अद्भुतरम्यता मराठी कादंबरीच्या सोबतीला आहे, आणि नारायण धारप (1925–2008) यांनीं भयकथेला जो वाचकवर्ग मिळवून दिला त्याला नाक मुरडणें हा निव्वळ पंडिती दंभ होय. आमचें भांडण आहे तें त्या शेवटच्या प्रकरणाशीं. तेथें गांवकऱ्यांची कुजबूज खरी ठरते, म्हणजे एकट्या बाईवर घेतलेल्या संशयावर लेखक आपली मोहोर उठवितो.

हा संशय केवळ कल्पनेंतला असता तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचा छळ करणें हा गुन्हा आहे, असें महाराष्ट्राला 2013 सालीं कायद्यानें सांगावें लागलें. आणि त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षीं 20 ऑगस्टला हत्या झाल्यावरच वटहुकूम निघाला.

‘कादंबरी वाचून कोणी हातांत दगड घेत नाहीं,’ असें कोणी म्हणेल. कबूल. पण वाचकाची सहानुभूति अखेर कोणाच्या पदरांत पडते, हें पाहणें टीकाकाराचें कामच आहे. ॲन रॅडक्लिफ हिनें 1794 सालीं ‘युडोल्फो’च्या गूढांचीं कारणें शेवटीं नैसर्गिक ठरविलीं, त्यानें रसभंग होतो असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. रसभंग झाला असेल. निरपराध्यास सुळीं तर दिलें नाहीं!

बरें, भूतच हवें असेल तर तें तरी नीट पाहावें. लोकसमजुतीप्रमाणें बाळंतपणांत मेलेली बाई हडळ होते, सोडमुंजीपूर्वीं मेलेला बटु मुंजा होतो. अकालीं आणि उपेक्षेनें आलेल्या मरणांची ही गांवानें ठेवलेली नोंदवही आहे. आमचे कादंबरीकार तींतून मोकळे केस आणि उलटीं पावलें तेवढीं उचलतात. सुईण वेळेवर कां आली नाहीं, हें विचारीत नाहींत.

यावर ‘खेडें दुर्गम, आम्हांला काय ठाऊक?’ ही सबब चालणार नाहीं. आमच्या माजिवड्याहून येऊरच्या डोंगरांतले आदिवासी पाडे थोडक्या मैलांवर आहेत. ज्यास जावयाचें त्यानें सकाळीं जाऊन दुपारीं परत यावें. आणि पुढची कादंबरी लिहितांना शेवटच्या प्रकरणांत त्या वाड्यांतल्या बाईला बोलूं द्यावें. उत्तरें गांवकऱ्यांनीं द्यावींत.