सोमवारची प्रार्थना

रविवारी चर्च, सोमवारी सोमाटणे फाट्यावरून ऑफिस. इंटर्नचं काम काय, तर दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारायच्या. यात कसला आलाय देव, असं मला वाटायचं.

पण पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल आठवा. दौंडजवळच्या केडगावात, मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. त्या बायकांची नावं आज कुणाला ठाऊक? काम मात्र उरलं.

परवा एका निधनवार्तेत आडनाव चुकलेलं दिसलं. छापायच्या आत सुधारलं. ते कात्रण त्या घरात वर्षानुवर्षं जपलं जाईल. कुणाचं नाव नीट लिहिणं, हीही प्रार्थनाच. फक्त तिच्या शेवटी ‘आमेन’ऐवजी डेडलाइन असते!