शस्त्रक्रियेनंतरची रात्र

‘शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु रुग्ण दगावला’ हे वाक्य आपल्याकडे उपहासाने उच्चारले जाते. वस्तुतः त्यात उपहासापेक्षा सत्यकथनच अधिक आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिकेतील २५ देशांच्या रुग्णालयांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांपैकी २३९ रुग्ण मरण पावले. त्यांतील २२५ जणांचा मृत्यू शस्त्रक्रियेच्या दिवशी झाला नाही, तो त्यानंतरच्या दिवसांत झाला. हे रुग्ण वयाने तरुण होते, त्यांच्या प्रकृतीतील धोके जागतिक सरासरीहून कमी होते, गुंतागुंतीचे प्रमाणही कमी होते. तरी मृत्यूचे प्रमाण मात्र जागतिक सरासरीच्या दुप्पट! याचा अर्थ उघड आहे. चाकू धरणारा हात चुकला म्हणून ही माणसे गेली असे म्हणता येत नाही. त्यांच्या खाटेशेजारी वेळेवर कोणी नव्हते म्हणून ती गेली.

वैद्यकशास्त्रात या प्रकाराला नाव आहे. ते मराठीत ‘वाचविण्यातील अपयश’ असे सांगता येईल. १९९२ मध्ये जेफ्री सिल्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होणे हे मुख्यतः रुग्णाच्या प्रकृतीवर अवलंबून असते. परंतु गुंतागुंत झालेला रुग्ण वाचतो की नाही, हे रुग्णालय कसे आहे यावर ठरते. आतून रक्तस्राव सुरू झाला की नाडीची गती वाढते, रक्तदाब उतरू लागतो, लघवी कमी होते. वेदनाशामकाचा अंमल जास्त झाला की श्वास मंदावतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. ही सारी चिन्हे काही तास आधी दिसतात. ती पाहणारी व्यक्ती म्हणजे परिचारिका. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. चोवीस तास वॉर्डात असते ती सिस्टर. तिच्या हाताखाली किती खाटा आहेत, हा प्रश्न म्हणूनच रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

याचे मोजमापही झालेले आहे. लिंडा एकन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन लाख बत्तीस हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नोंद तपासली होती. निष्कर्ष असा की, एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण दिले तर ती ३१ टक्क्यांनी वाढते. या अभ्यासात आठ रुग्ण हा जादा भार मानला आहे, हे ध्यानात घ्यावे. आपल्या जिल्हा रुग्णालयांत चाळीस-पन्नास खाटांच्या शल्य विभागात रात्री एक किंवा दोन परिचारिका असणे ही कोणाला बातमीही वाटत नाही. आणि खाटा संपल्यावर जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवरचे रुग्ण या हिशेबात धरलेलेच नसतात.

भारतीय परिचर्या परिषदेचा मानदंड अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. मानदंड आहे, तो कागदावर आहे, आणि तो मोडल्याबद्दल कोणा अधीक्षकावर, सचिवावर वा मंत्र्यावर कारवाई झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. ही पोकळी भरून काढतात ते रुग्णाचे नातेवाईक. सलाईन संपत आले की धावत जाऊन सिस्टरला हाक मारणारी बायको, रात्रभर लघवीची पिशवी रिकामी करणारा भाऊ, गावाकडची मजुरी बुडवून खाटेखाली चादर अंथरून झोपलेली आई, हे सारे शासनाच्या परिचर्या विभागाचे बिनपगारी कर्मचारीच होत. अर्थसंकल्पात त्यांच्या श्रमाची कोठेही नोंद नाही. जिवाभावाचे माणूस म्हणून ते जागतात. परंतु श्वास मंदावणे आणि शांत झोप लागणे यांतील फरक त्यांना कोणी शिकविलेला नसतो.

अशा स्थितीत चुका होणारच. एका रुग्णाचे इंजेक्शन दुसऱ्याला जाते, मात्रेतील दशांश चिन्ह सरकते, रक्तदाबाची नोंद न घेताच तक्त्यावर भरली जाते. परंतु चूक आणि तिची तजवीज यांचा संबंध समजून घेतला पाहिजे. संहत पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल दिसायला इतर निरुपद्रवी द्रवांच्या ॲम्प्यूलसारखेच असते. ते पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. अनेक देशांत असे मृत्यू झाले. ते थांबले ते परिचारिकांना अधिक दक्ष राहण्याचे परिपत्रक काढून नव्हे. ते ॲम्प्यूल वॉर्डाच्या कपाटातूनच हलविले आणि आधीच पातळ केलेले द्रावण पुरविले, तेव्हा थांबले. थकलेल्या माणसाचा हात चुकणार हे गृहीत धरून केलेली ती व्यवस्था होती. आपल्याकडे मात्र व्यवस्था म्हणजे मेमो, असे समीकरण आहे.

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) शासकीय रुग्णालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मरण पावले. त्या प्रकरणात अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. हा अपघात शस्त्रक्रियेशी संबंधित नाही. परंतु दोषाचे ओझे शिडीवरून कसे खाली सरकते, याचा तो चांगला नमुना आहे. कायदाही याच दिशेने झुकलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र उपचार करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून तो घडल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे. ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ म्हणजे डॉक्टर. परिचारिका त्या व्याख्येत बसत नाही. एकाच खाटेशेजारी, एकाच रुग्णावर उपचार करताना चूक झाली तर आदेश देणाऱ्याला दोन वर्षे आणि आदेश पाळणारीला पाच! वर्गभेदाचे इतके नितळ उदाहरण कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडते. संसदेत त्यावर म्हणावी तशी खळबळ उडाली नाही, यात नवल नाही. परिचारिकांची मतपेढी नसते.

खाजगी क्षेत्रात वेगळे काय आहे? शस्त्रक्रियेचे मूल्य तेथे पॅकेजमध्ये ठरते. विमा कंपनी असो वा शासनाची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असो, एका शस्त्रक्रियेमागे ठरावीक रक्कम मिळते. परिचारिकेने रात्री तीन वाजता उठून नाडी मोजली काय आणि न मोजली काय, बिलात एका रुपयाचा फरक पडत नाही. जो श्रम उत्पन्नाच्या बाजूला दिसत नाही आणि केवळ खर्चाच्या बाजूला दिसतो, त्यावर काटकसर करणे हा नफ्याच्या अर्थशास्त्राचा स्वाभाविक नियम आहे. त्यासाठी मालक दुष्टच असला पाहिजे असे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतील एका खाजगी रुग्णालयात केरळहून आलेल्या तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा करारपत्रे आणि अडवून ठेवलेली प्रमाणपत्रे यांचा विषय प्रथमच चव्हाट्यावर आला. केरळात संपांची लाट उसळली. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये वेतन सुचविले. केरळ सरकारने एप्रिल २०१८ मध्ये तेवढ्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. न्यायालयाच्या आदेशाने नव्हे, तर आदेशामागे उभ्या असलेल्या संघटनेने ती काढविली.

महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांतून, म्हणजे ठेकेदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला. त्या वेळी वृत्तपत्रांतून रुग्णांच्या हालांची वर्णने आली, तीही खरीच होती. परंतु ठेक्यावर आलेली परिचारिका आज शल्य विभागात तर उद्या प्रसूती विभागात. वॉर्डाची ओळख होण्याआधीच तिचा करार संपतो. शिवाय घडलेली चूक ती वरिष्ठांना सांगेल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? सांगितले तर नोकरी जाते. लपविलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही आणि ती पुन्हा घडते. नोकरीची शाश्वती ही केवळ कामगाराची मागणी नाही, ती रुग्णाच्या सुरक्षिततेची अट आहे, हे संघटनांनीही पुरेशा स्पष्टपणे मांडलेले नाही. वेतनश्रेणीच्या मागण्यांच्या यादीत खाटांमागील परिचारिकांचे प्रमाण बहुधा सातव्या-आठव्या क्रमांकावर असते.

कॅलिफोर्नियात हे प्रमाण पहिल्या क्रमांकावर होते. तेथील परिचारिका संघटनेने अनेक वर्षे झगडून १९९९ मध्ये कायदा करवून घेतला. २००४ पासून तो अमलात आला आणि २००५ पासून सर्वसाधारण वॉर्डात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त पाच रुग्ण अशी मर्यादा आली. गव्हर्नर श्वार्त्सनेगर यांनी ती लांबणीवर टाकण्याचा प्रयत्न केला. परिचारिका त्यांच्या सभांतून निदर्शने करीत फिरल्या, न्यायालयातही गेल्या, आणि तो प्रयत्न फसला. पुढे २०१० मध्ये एकन यांनी हिशेब मांडला की, हेच प्रमाण असते तर न्यू जर्सीत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १३.९ टक्क्यांनी आणि पेनसिल्व्हेनियात १०.६ टक्क्यांनी कमी झाले असते. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे घडू शकते, ते समाजवादी हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत असलेल्या देशात अव्यवहार्य ठरावे, ही मौजच म्हणायची.

आता आपल्या कार्यकर्त्यांविषयी. रुग्ण दगावला, नातेवाईक संतापले, की कार्यकर्ता रुग्णालयात पोहोचतो आणि पहिली मागणी करतो ती ड्यूटीवरील सिस्टरच्या निलंबनाची. प्रशासन ती आनंदाने मान्य करते, कारण त्यात त्याचे काहीच जात नाही. उलट त्या वॉर्डातील एक परिचारिका दुसऱ्या दिवसापासून कमी होते. कामचुकार परिचारिका नसतातच असे नाही. रुग्णावर खेकसणाऱ्या, गरिबाला तुच्छ लेखणाऱ्याही असतात, आणि त्यांची चौकशी व्हावयासच हवी. परंतु चौकशीआधी त्या रात्रीचा ड्यूटी तक्ता मागितला पाहिजे: वॉर्डात रुग्ण किती, परिचारिका किती, त्यांतील कायम किती व ठेक्यावरील किती, सलग कितवी रात्रपाळी, मंजूर पदांपैकी रिक्त पदे किती आणि केव्हापासून. माहितीच्या अधिकारात हे कागद मिळू शकतात. रुग्ण कल्याण समित्यांवर लोकप्रतिनिधी बसलेले असतात. त्यांना ते बैठकीत विचारता येतात. शल्य विभागात शस्त्रक्रियेच्या पहिल्या रात्री प्रत्येक रुग्णाची नाडी, श्वास व रक्तदाब किती वेळा नोंदले गेले, हे केसपेपरवर असते, आणि तो केसपेपर मागण्याचा हक्क नातेवाइकांना आहे.