सकाळी आमटी-भात का चालू नये?

सकाळी आठ वाजता एखाद्याने ताटात आमटी-भात वाढून घेतला, तर घरातली माणसे चमकून पाहतात. रात्री जेवला नाहीस का, असे विचारतात. आता हा आक्षेप नेमका कशाला आहे, ते तपासून पाहू. तांदूळ आणि उडीद ही जोडी वाटून, आंबवून, वाफवून समोर आली की इडली म्हणून तिचे स्वागत होते. तीच जोडी भात आणि उडदाचे घुटे म्हणून आली की ते ‘जेवण’ ठरते आणि त्याला दुपारपर्यंत थांबावे लागते. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र शिजवून तमिळनाडूत पोंगल करतात आणि ते सकाळीच खातात. आपल्याकडे त्याच दोन जिनसांची खिचडी रात्रीची, तीही बहुधा स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून केलेली. जिन्नस तेच, चूल तीच, पोटही माणसाचेच. मग सकाळी काय चालते आणि काय चालत नाही, हे ठरवले कोणी? नाश्त्याच्या पदार्थांची वेगळी यादी शरीराच्या गरजेतून आलेली नाही. कामाच्या वेळा, बाजार आणि प्रतिष्ठेच्या कल्पना यांनी ती घडवली आहे, आणि तिची किंमत रोज सकाळी घरातल्या एकाच व्यक्तीला मोजावी लागते. म्हणून जे अन्न रात्री पानात चालते, ते सकाळीही बिनदिक्कत चालावे, असे माझे म्हणणे आहे.

शरीराची गरज म्हणावी, तर जगभर या याद्यांत काही साम्य दिसायला हवे होते. जपानमध्ये पारंपरिक न्याहारीला भात, मिसो सूप आणि भाजलेला मासा असतो. म्यानमारमध्ये लोक सकाळी माशाच्या रश्श्यातल्या शेवया, म्हणजे मोहिंगा, खातात. इजिप्तमध्ये वालासारखे दाणे मंद आचेवर शिजवून केलेले फूल, कोस्टा रिकात भात आणि घेवड्याचे दाणे एकत्र परतून केलेला गाल्यो पिंतो, तर तुर्कस्तानात चीज, ऑलिव्ह, काकडी आणि टोमॅटो. इतके लांब जायचेही कारण नाही. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचे आणि तो सकाळी कांदा-मिरचीबरोबर खायचा, ही रीत ओडिशात पखाळ, बंगालमध्ये पान्ता आणि तमिळनाडूत पळैय सोरु या नावांनी नांदते. दिल्ली-लखनौची निहारी रात्रभर शिजते आणि पहाटे खाल्ली जाते. मुंबईत भेंडी बाजारच्या परिसरातही ती सकाळी मिळते. गोव्यात आणि कोकणात सकाळची पेज कोणाला खटकत नाही. यांतल्या प्रत्येक ठिकाणी माणसे हे खाऊन कामाला जातात. सकाळी मासा, मटण, भात किंवा कडधान्य पोटाला सोसत नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

आपली यादी तरी किती जुनी आहे? साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, मिरची आणि शेंगदाणासुद्धा अमेरिका खंडांतूनच, युरोपीय दर्यावर्द्यांच्या मागोमाग इकडे आले. तूप आणि जिरे सोडले, तर उपासालाही चालणाऱ्या या पदार्थातले मुख्य असे काहीच पाचशे वर्षांपूर्वी इथे नव्हते. पाव पोर्तुगिजांनी आणला. उपमा, इडली आणि डोसा मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाच्या रोजच्या खाण्यात रुळले, त्यात उडुपी हॉटेलांचा मोठा वाटा आहे. ज्याच्याशिवाय सकाळ सुरूच होत नाही तो चहा सर्वसामान्य घरांत पोहोचला तो विसाव्या शतकात, आणि तोही चहा उद्योगाने गावोगाव चालवलेल्या प्रचारामुळे. त्याआधी आणि त्याच्याबरोबरही शेतावरच्या माणसाची न्याहारी होती भाकरी, कांदा, ठेचा, एखादे कोरड्यास किंवा आंबील. शहरातला नोकरदार दहाच्या सुमारास जेवूनच कचेरी गाठत असे. त्याला मधल्या खाण्याची फारशी गरज नव्हती. घर आणि कामाची जागा यांतले अंतर वाढले, जेवण डब्यातून दुपारी एकला सरकले आणि सकाळी एक पोकळी तयार झाली. आपली नाश्त्याची यादी प्रामुख्याने या पोकळीत वाढली.

बाजाराने ही पोकळी लगेच हेरली, आणि हे केवळ आपल्याकडे घडलेले नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग रुग्णांना सौम्य शाकाहारी आहार देत. तिथल्या प्रयोगांतून कॉर्नफ्लेक्स निघाले आणि त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ यांनी १९०६ मध्ये कंपनी काढून ते घरोघर नेले. १९२०च्या दशकात एडवर्ड बर्नेस या जनसंपर्क तज्ज्ञाने डुकराचे मांस विकणाऱ्या एका कंपनीसाठी वेगळीच शक्कल लढवली. भरपेट न्याहारी चांगली, असे डॉक्टरांचे मत त्याने पत्रे पाठवून मिळवले आणि ते वर्तमानपत्रांतून गाजवले. बेकन आणि अंडी ही ‘अस्सल अमेरिकन’ न्याहारी म्हणून पक्की होण्यात या प्रचाराचा हात होता. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली, तिचा कारखानाही इथेच तळोज्याला उभा राहिला. थंड दुधासाठी केलेल्या फ्लेक्सवर आपल्या घरांत गरम दूध ओतले गेले, त्यांचा लगदा झाला आणि सुरुवातीला कंपनीचे गणित चुकले. तरीही आज ते डबे मध्यमवर्गीय फळीवर आहेत, कारण चव नाही तरी सवय पेरता येते. चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपवणे आपण नाश्ता मानतो. मैदा, साखर आणि तेलाच्या या मिश्रणाला मान्यता आहे आणि कालच्या मटकीच्या उसळीला नाही, एवढे एक उदाहरण या यादीची लायकी दाखवायला पुरे आहे.

पोषणाच्या तराजूत घातले तर ही विसंगती आणखी उघडी पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाच. खिचडीला जो काही पौष्टिकपणा येतो तो शेंगदाण्याच्या कुटामुळे. ज्वारी आणि बाजरीत शंभर ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅम प्रथिने असतात, मुगात चोवीसच्या आसपास, शिवाय दोन्हींत तंतू भरपूर. म्हणजे अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ हे साबुदाण्याच्या बशीपेक्षा आणि बिस्किटांपेक्षा कितीतरी सरस खाणे आहे. कांदेपोह्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. दाणे, मटार, लिंबू पडले की तो चांगलाच पदार्थ आहे. पण त्याचे चांगलेपण त्यात काय आहे यावरून ठरते. तो नाश्त्याच्या यादीत आहे, हा त्याचा गुण नव्हे.

यावर पहिला आक्षेप येतो तो जडपणाचा. भाकरी आणि आमटी-भात पचायला जड, शेतात राबणाऱ्याला चालेल, खुर्चीवर बसणाऱ्याला कसे झेपेल? हा आक्षेप खरा असता, तर तर्री, फरसाण आणि दोन पाव असलेली मिसळ, पुरी-भाजी आणि बटाटेवडा हे सकाळच्या यादीतून कधीच बाद झाले असते. त्यांच्यासाठी मात्र आपण रांगा लावतो. जडपणा ठरतो तो तेलावर आणि प्रमाणावर. बैठे काम करणाऱ्याने कमी खावे, हे बरोबर आहे. पण कमी खायचे तर अर्धी भाकरीही खाता येते. त्यासाठी वेगळा पदार्थ लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो शिळ्या अन्नाचा. त्याला तीन पदर आहेत. एक आरोग्याचा. भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरू शकतात. भात तासन्‌तास उबेत राहिला तर ते वाढतात आणि त्यांतून तयार होणारे एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ही भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपायही ठाऊक आहे. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, लवकर थंड करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि खाताना नीट वाफ येईपर्यंत गरम करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे नियम दुपारच्या डब्यालाही लागू आहेत. सकाळशी त्यांचे खास वैर नाही. फ्रीज नसलेल्या घरात उन्हाळ्यात आमटी ठेवू नये, हेही तितकेच खरे. भाकरी आणि पोळी कोरड्या असल्याने त्यांना हा धोका कमी.

दुसरा पदर धर्माचा. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसी आहारात मोजले आहे, हे खरे. पण हीच संस्कृती शीतळा सप्तमीला काही प्रांतांत चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न व्रत म्हणून खाते. लोणचे वर्षभर मुरवते, इडलीचे पीठ रात्रभर आंबवते आणि उरलेल्या पोळ्यांना फोडणी देऊन तोच कुस्करा आवडीने खाते. व्यवहारात आपण केव्हाच ठरवून टाकले आहे की किती वेळ गेला यापेक्षा अन्न कसे राखले याला महत्त्व आहे. तिसरा पदर जातीचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावगाड्यात दलितांच्या वाट्याला कामाचा मोबदला म्हणून उष्टे-शिळे तुकडे आले. १९२७च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते तुकडे आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. ज्यांच्या घरात ही आठवण जिवंत आहे त्यांनी शिळ्याला नकार देणे, हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे; त्यांना कोणी पौष्टिकतेचे धडे देऊ नयेत. मात्र दुसऱ्याने उरलेले फेकून देणे आणि आपल्या घरात आपण शिजवलेले सर्वांनी मिळून सकाळी खाणे, यांत फरक आहे. अट एवढीच, की ते खरोखर सर्वांनी खावे. घरातल्या बाईने एकटीने शिळे संपवायचे आणि बाकीच्यांनी गरम पोहे खायचे, ही रीत गावगाड्याच्या त्याच वृत्तीचे घरगुती रूप आहे.

खरा मुद्दा इथेच येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशातल्या ८१ टक्के स्त्रिया विनामोबदला घरकाम करतात, पुरुषांपैकी २६ टक्के. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाचे ९७. यांतली नाश्त्याची मिनिटे सर्वेक्षणाने वेगळी काढलेली नाहीत, पण शहरी घरातली सकाळ कशी असते ते उघड आहे. डब्यांसाठी पोळी-भाजी होतच असते. तिच्या जोडीला, त्याच तासाभरात, त्याच शेगडीवर, आणखी एक वेगळा पदार्थ व्हावा लागतो, आणि तो कालचा नसावा, परवाचाही नसावा, अशी अपेक्षा असते. डब्यासाठी केलेली पोळी-भाजी गरमागरम समोर असताना ती ‘नाश्ता’ होऊ शकत नाही, यामागे कोणतेही शास्त्र नाही. अनेक कष्टकरी घरांनी हा प्रश्न चहा-चपातीने कधीच सोडवला आहे. पण पाहुणा आला की त्याच घरांना ती लपवावीशी वाटते, आणि प्रतिष्ठेचे ओझे ते हेच.

कोणी म्हणेल, रविवारचे पोहे, थालीपीठ, घावन, तर्रीचा वास, हा सारा आनंदही घालवायचा का? मुळीच नाही. रुचिपालट ही माणसाची गरज आहे, आणि सकाळची ठरलेली चव दिवसाला एक आधारही देते. पोहे आवडतात म्हणून करणे आणि दुसरे काही ‘चालत नाही’ म्हणून करणे, यांत अंतर आहे. यादी राहू दे, तिची सक्ती जाऊ दे. सार्वजनिक धोरणाने तर या बाबतीत आधीच मोकळेपणा दाखवला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळकरी मुलांना सकाळचा पौष्टिक आहार देण्याची शिफारस केली, आणि गरम अन्न शक्य नसेल तिथे गुळाबरोबर शेंगदाणे किंवा चणे आणि स्थानिक फळे सुचवली. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांतून नाश्त्याची योजना सुरू केली, तिच्यात पोंगल आणि सांबार आहे. म्हणजे मुलांना सकाळी डाळ-भातच मिळतो, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांनी, कचेऱ्यांच्या उपाहारगृहांनी आणि डब्यात काय आणावे याचे तक्ते देणाऱ्या बालवाड्यांनी भाकरी-भाजी, उसळ आणि खिचडी सकाळच्या यादीत घातली, तर कोणाचेही बिघडणार नाही.

सकाळच्या खाण्याला तीनच प्रश्न विचारावेत. त्याने दुपारपर्यंत भूक भागते का? ते स्वच्छ आणि नीट राखलेले आहे का? आणि ते करण्यासाठी कोणाला किती लवकर उठावे लागले? या प्रश्नांना जे अन्न नीट उत्तर देईल ते नाश्ता. ज्याला एवढ्यावर समाधान नाही, रोज सकाळी वेगळा आणि ताजाच पदार्थ हवा आहे, त्याची हौस रास्त आहे. त्याने गजर अर्धा तास अलीकडे लावावा आणि कांदा स्वतः चिरावा.