शनिवारची करमणूक

जुन्या महामार्गावरच्या कार्ला फाट्यावर दुपारी मोटारींची रांग लागली, एकवीरेच्या पायथ्याशी हारफुलांच्या दुकानांपुढे गर्दी दाटली आणि दिवेलागणीनंतर भातखाचरांना लागून उठलेल्या बंगल्यांमधून ध्वनिवर्धकाचे पहिले ठोके कानांच्या आधी पायांखालच्या जमिनीला जाणवू लागले, की आमच्या गावात समजावे, शनिवार उजाडून मावळला आणि शहर मुक्कामाला आले.

माझा जन्म याच गावचा. आयुष्याची बत्तीस वर्षे मावळातल्या प्राथमिक शाळांत मुलांना बाराखडी व पाढे शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर मी वडिलार्जित घरी येऊन राहिले. पाहुण्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. ज्या गावाच्या डोक्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचे लेणे आहे आणि लेण्याच्या दारात देवी बसली आहे, त्या गावाला परक्या पावलांची सवय नसली तरच नवल. चैत्रात कोकणपट्टीचे कोळी व आगरी बांधव पालख्या घेऊन येतात, त्यांचा वाद्यगजर रात्रभर चालतो, आणि तरीही त्याने माझी झोपमोड झाली असे मला कधी वाटले नाही. कारण त्या गजरात वाटेवरच्या माणसाला हाक असते, ओटीवर बसलेल्या म्हातारीला प्रसाद असतो, आणि आपण कुणाच्या तरी दारावरून जात आहोत याची जाणीव असते. शनिवारच्या आवाजात नेमकी ही जाणीव नसते.

माझ्या घराच्या उत्तरेस, जेथे पूर्वी आमच्या चुलत्यांचे खाचर होते आणि सातबाऱ्यावर भाताची नोंद होती, तेथे आता तरणतलावाचा एक बंगला आहे व तो दिवसाच्या भाड्याने दिला जातो. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम सांगतात, की निवासी वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल असावी आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावू नये. हे नियम मी पाठ केले, रीतसर अर्ज लिहिला, तो संबंधित कचेरीत नेऊन दिला आणि पोच म्हणून शिक्क्याची प्रत आणली. अर्जात मी तारखा लिहिल्या होत्या, वेळा लिहिल्या होत्या, दोन रात्रींचे आवाजाचे आकडेही भाच्याच्या फोनवर मोजून घातले होते. माझी तक्रार झोपेची होती, आणि ती मला पूर्ण वाटत होती.

गेल्या आषाढात ती अपुरी असल्याचे मला कळले. त्या बंगल्यावर स्वयंपाकाला जाणारी स्त्री माझी एके काळची विद्यार्थिनी. शनिवार-रविवारी पन्नास-साठ भाकऱ्या, पिठले, कोंबडीचा रस्सा करावा, गरम गरम वाढावे, मध्यरात्री भांडी घासून मागच्या वाटेने घरी यावे, असा तिचा शिरस्ता. त्या रात्री पाऊस धो धो कोसळत होता आणि पलीकडे एक गाणे पुन्हा पुन्हा वाजत होते, ज्यात स्त्रीच्या देहाची वर्णने बाजारातल्या जिनसांच्या नावांनी केलेली होती आणि प्रत्येक कडव्याअखेर पुरुषांचा आरडाओरडा त्यात मिसळत होता. सकाळी ती दूध घालायला आली तेव्हा मी आवाजाविषयी बोलू लागले, तर मला मध्येच थांबवून ती म्हणाली, ‘‘बाई, आवाजाचं काय, कानात बोळे घालता येत्यात. पण ते गाणं लागलं की मी भाकरी घेऊन आत जायची आन् सगळे माझ्याकडं बघायचे.’’

त्या दिवशी सबंध सकाळ मी आपल्या अर्जाची प्रत समोर घेऊन बसले होते. तिने सांगितलेली गोष्ट त्यात कोठेच बसत नव्हती. माझ्या कानांवर जे आघात होत होते ते मोजण्याचे यंत्र होते, मर्यादा ठरवणारा नियम होता, दाद मागण्याची जागा होती. परंतु चार भिंतींच्या आत, हातात भाकरीची परात घेऊन उभ्या असलेल्या एका कष्टकरी स्त्रीकडे दहा-पंधरा डोळे ज्या गाण्याच्या आधाराने वळत होते, त्या गाण्याला आपण काय म्हणतो, तर करमणूक. आणि करमणूक म्हटले की दाद-फिर्यादीचा प्रश्नच उरत नाही.

पुढे भाद्रपदात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला पुण्यास भाचीकडे पंधरा दिवस राहावे लागले. मळवलीला लोकल पकडली, तर समोरच्या बाकावरील एका तरुणाच्या फोनमधून कामशेतपासून खडकीपर्यंत, कानाला काही न लावता, विनोदाचे तुकडे मोठ्याने वाजत होते, आणि त्यांतील बहुतेक सर्वांचा विषय एकच होता: बायको. ती खर्चिक, ती बडबडी, ती माहेरचे गुणगान गाणारी, ती नसली की पुरुषाचा सण. डब्यातल्या प्रौढ स्त्रियाही हसत होत्या. त्यांना मी दोष देत नाही. सगळे हसत असताना आपण न हसण्याला धैर्य लागते, आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाकडून प्रत्येक वेळी धैर्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. परंतु त्या बाकाच्या टोकाला शाळेच्या गणवेशातली, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आईला टेकून बसली होती आणि आई हसली की तीही हसत होती. तिला त्या विनोदाचा अर्थ समजत होता असे नव्हे. कशावर हसायचे असते, एवढे मात्र ती शिकत होती.

भाचीच्या कोथरूडच्या घरातल्या त्या मुक्कामात, डॉक्टरांनी काही दिवस वाचण्याची व पडदा पाहण्याची मनाई केल्यामुळे, संध्याकाळचा दूरदर्शन संच मी केवळ ऐकला. न पाहता ऐकण्याचा हा अनुभव प्रत्येकाने एकदा घ्यावा असे मी म्हणेन. कारण साड्या, दागिने, दिवाणखान्यांची झगमग डोळ्यांपुढून दूर झाली की मागे उरतात ते आवाज, आणि आवाज काही लपवत नाहीत. रडणारी स्त्री, क्षमा मागणारी स्त्री, कुजबुजत कट रचणारी स्त्री, थोबाडीत बसल्याचा आवाज आणि त्यानंतर तीनदा घुमणारा नगारा. हास्याच्या कार्यक्रमात टाळ्यांचा व हशाचा पूर हमखास उसळे तो साडी नेसलेल्या पुरुषाने बारीक आवाज काढला म्हणजे, किंवा कुणाच्या तरी स्थूलपणाचा, काळेपणाचा, लग्न न जमल्याचा उल्लेख झाला म्हणजे. त्या दहा-बारा संध्याकाळांत एखाद्या स्त्रीच्या तोंडून पगार, प्रवास, पुस्तक किंवा कामातली अडचण यांविषयीचे एक संपूर्ण वाक्य माझ्या कानी पडले नाही; आणि हे सर्व ज्या घरात वाजत होते त्या घरातली कर्ती स्त्री बँकेत अधिकारी आहे, शाखेचे कोट्यवधींचे व्यवहार सांभाळते. मी तिच्याजवळ हे बोलून दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘‘आत्या, दिवसभर डोकं शिणतं गं. करमणूक आहे, सोडून द्यायचं.’’

‘करमणूक आहे’ या दोन शब्दांपाशी मी अडले, आणि अजून अडलेली आहे. हा शब्द आपल्याकडे असा हलका कधी झाला? हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली जे साप्ताहिक काढले त्याचे नावच ‘करमणूक’ होते, आणि त्याच ‘करमणुकी’त त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली, ज्यात यमू नावाची ब्राह्मण घरातील मुलगी आपल्या बालपणाची, सासुरवासाची आणि वैधव्याची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. आठवड्याच्या करमणुकीसाठी अंक हाती घेणाऱ्या, त्या काळच्या पुरुष वाचकांपुढे एका स्त्रीचा आतला आवाज ठेवावा, असे त्या संपादकाला वाटले, आणि लोक पुढच्या अंकाची वाट पाहत राहिले. मन रमवणे आणि मन विशाल करणे यांत त्याला विरोध दिसला नाही.

आपल्या रंगभूमीचा व चित्रपटाचा इतिहास निर्मळ होता असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्रा’साठी तारामती मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवावे लागले, त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची लहान कन्या कमला पडद्यावर आल्या, त्या समाजाचे बोल सोसूनच. स्त्रीला रंगमंच वर्ज्य असण्यातला अन्याय उघड आहे. तरीही बालगंधर्वांनी ‘एकच प्याला’तील सिंधू उभी केली तेव्हा प्रेक्षागृहातल्या स्त्रिया त्यांचे लुगडे नेसणे, गजरा माळणे न्याहाळून घरी तसे करू पाहत, त्या पुरुषाने स्त्रीवेष घेतला तो स्त्रीच्या वागण्यातील शील व शोभा समजून घेण्यासाठी, आणि आज पडद्यावर तोच वेष घेतला जातो तो केवळ ती हास्यास्पद आहे हे सिद्ध करण्यासाठी. शंभर वर्षांत साडी तीच राहिली. ती नेसणाऱ्याची दृष्टी फिरली.

आणि १९३७ चा ‘कुंकू’! पुण्याच्या प्रभातने काढलेल्या, शांताराम बापूंनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात शांता आपट्यांची नीरा वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न मानण्यास नकार देते, त्याच घरात राहून, त्याच घरच्या माणसांपुढे. आणि वृद्धाच्या समाजसेविका कन्येच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत, ज्यांनी पडद्याबाहेरही कुटुंबनियोजनाचे काम आयुष्यभर निष्ठेने केले. हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. म्हणजे ‘लोकांना हेच हवे असते’ ही जी कैफियत आजचे निर्माते देतात, ती आपल्याच इतिहासापुढे टिकत नाही. मात्र नीरेला नकाराचा अधिकार देणाऱ्या त्याच काळात, पडद्यामागे शांता आपट्यांना आपल्या कराराच्या वादापायी १९३९ साली प्रभातच्याच दारात उपोषणाला बसावे लागले, हेही विसरता येत नाही. त्यांनी पुढल्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलींना तेथली खरी स्थिती सांगितली.

पडद्यावरचा आणि पडद्यामागचा हा धागा सुटा नाही. केरळ सरकारने २०१७ साली नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल, सरकारला सादर झाल्यानंतर साडेचार वर्षांहून अधिक काळाने, ऑगस्ट २०२४ मध्ये जनतेपुढे आला, तेव्हा त्यातील लैंगिक छळाच्या हकीकतींची चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. परंतु मला त्यातली एक साधी बाब अधिक बोचली, ती अशी की चित्रीकरणाच्या ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची जागा यांचीसुद्धा वानवा होती. लाखो रुपये खर्चून जिचे सौंदर्य टिपले जाते तिच्या देहाच्या अत्यंत साध्या गरजेची नोंद कुणी घेत नाही. आमच्या शेजारच्या बंगल्यातही तरणतलाव आहे, रंगीत दिवे आहेत. मध्यरात्रीपर्यंत उभ्याने भाकरी भाजणाऱ्या स्त्रीला घटकाभर टेकण्यासाठी एक पाट नाही.

डोळा बरा झाल्यावर मार्गशीर्षात मी पायऱ्या चढून लेण्यात गेले. पन्नास वर्षांत किती वेळा गेले असेन, त्याची गणती नाही. विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या, स्तंभ मोजायला लावले, छतातल्या प्राचीन लाकडी फासळ्या दाखवल्या. या वेळी मात्र मी दारातल्या दंपतींपुढेच थांबले. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या ज्या जोड्या कोरलेल्या आहेत, त्यांत स्त्री अलंकृत आहे, तिचा देह झाकलेला नाही, शिल्पकाराने तिच्या बांध्यात रस घेतला आहे, हे कुणालाही दिसेल. आणि तरीही ती पुरुषाच्या बरोबरीने, त्याच्याएवढीच भक्कम, मान ताठ ठेवून उभी आहे आणि समोरून येणाऱ्याकडे पाहते आहे. आत स्तंभशीर्षांवर हत्ती बसले आहेत, त्यांच्या पाठीवरही पुरुषांशेजारी स्त्रिया स्वार आहेत. येथल्या शिलालेखांतील दात्यांत भिक्षुणींची नावे आहेत, गृहस्थांघरच्या स्त्रियांची आहेत. जवळच बेडशाच्या लेण्यात महाभोजाच्या कन्येचे, सामडिनिकेचे नाव आजही वाचता येते. स्त्रीच्या सौंदर्याकडे पाहणे हा अपराध आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, सोवळेपणाचा तो मार्ग माझा नव्हे. पाहिले जात असताना तिलाही उलट पाहण्याची मुभा आहे की नाही, एवढेच मी विचारते. लेण्यातल्या स्त्रीला ती आहे. परात घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या विद्यार्थिनीला खाली मान घालावी लागली.

कायदा म्हणाल तर तो आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम राहत्या घरालाही कामाचे ठिकाण मानतो व घरकाम करणारीलाही संरक्षण देतो. तिची तक्रार ऐकण्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असावी आणि तालुक्यात तक्रार स्वीकारणारा अधिकारी असावा, अशी त्यात तरतूद आहे. लैंगिक सूचकतेचे शेरे हा त्या कायद्याने छळच आहे, आणि ते शेरे गाण्याच्या आडून मारले म्हणून त्यांचे स्वरूप पालटत नाही. परंतु मावळातल्या किती बंगल्यांत या समितीचे नाव व पत्ता भिंतीवर लावलेला आहे? तरणतलावाची खोली, बाहेर पडण्याची वेळ, तुटलेल्या पेल्याची किंमत, हे सारे तेथे लिहिलेले असते. बंगले भाड्याने देण्यासाठी ज्या नोंदी व परवाने लागतात त्यांत ही एक अट घालणे ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीला अवघड नाही, आणि भाडे घेणाऱ्या मालकाने आपल्या छताखाली राबणाऱ्या स्त्रीची जबाबदारी आपली आहे हे पाहुण्यांना किल्ली देतानाच सांगावे, यात कुणाच्याही आनंदाला बाध येत नाही. मी तालुक्याला, वडगावी जाऊन दुसरा अर्ज देणार आहे. तो तिच्या नावाने द्यावा का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, नको, काम जाईल. म्हणून त्यात नाव नाही.

तिने मात्र स्वतःपुरता एक बंदोबस्त केला आहे. आता ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. भाकऱ्या दारात ठेवते आणि बंगला सांभाळणारा माणूस त्या आत नेतो. वाढण्याचे काम कमी झाले म्हणून तिच्या रात्रीच्या मजुरीतून शंभर रुपये कापले जातात.