घाटातला तो रविवार

मागच्या महिन्यातला एक रविवार. फजर झाली, चहाचे दोन घोट घेतले आणि मी बूट बांधून बाहेर पडले. पोवई नाक्यापासून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट चढून परत, असा सोळा किलोमीटरचा बेत होता. सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये धावायचं ठरवलं आहे. एकवीस किलोमीटरची स्पर्धा आणि अर्धा रस्ता चढाचा. त्यामुळे रविवारची लांब धाव चुकवून चालत नाही.

घाट लागेपर्यंत सगळं ठीक होतं. कॉलेजच्या मुलांचा एक घोळका पुढे चालला होता. मीही त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच वेगानं निघाले. दुसऱ्या वळणावर पायात शिसं भरल्यासारखं झालं. पाऊस तोंडावर येत होता, मोजे भिजून जड झाले होते आणि श्वास काही केल्या जमेना. मुलं धुक्यात दिसेनाशी झाली. आधीच्या रविवारी याच वळणावर मी सहज होते. आज पाचव्या किलोमीटरलाच उभी राहिले.

घाटात माघारी फिरणं फार सोपं असतं. नुसतं वळायचं, उतार आपल्याला घरी पोहोचवतो. मनात सगळं एकदम आलं. या वयात हे काय खूळ, हे अम्मींचं म्हणणं (म्हणजे माझ्या सासूबाईंचं) त्या दिवशी खरं वाटलं. वय चव्वेचाळीस. दोन वर्षांपूर्वी साखर सीमारेषेवर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून हे सुरू झालं. माझे वडील मधुमेहानंच गेले, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता छंद नाही. पण त्या क्षणी तेही आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की घरी गरम चहा आहे.

मग एक केलं. घड्याळ काढून खिशात टाकलं. वर पोहोचायचा विचार सोडला आणि फक्त पुढच्या वळणापर्यंत जायचं ठरवलं. शंभर पावलं हळू धावायचं, पन्नास पावलं चालायचं. वळण आलं की पुढचं वळण. बोटांवर मोजत मोजत वर गेले. वर काही विशेष घडलं नाही. धुकं होतं, दरीही दिसली नाही. एका टपरीवर दोन केळी घेतली, उभ्यानं खाल्ली आणि उतरायला लागले. उतरताना मात्र पाय थोडे सुटले.

घरी लेकीनं दारातच विचारलं, "किती वेळ लागला?" खोटं सांगावंसं वाटलं. मग खरं सांगितलं: दोन तास एकतीस मिनिटं. आधीच्या रविवारपेक्षा सत्तावीस मिनिटं जास्त. अम्मी काही बोलल्या नाहीत, टॉवेल पुढे केला. वहीत मी लिहिलं, "वाईट. पण पूर्ण."

दुपारी शांतपणे विचार केला तेव्हा कारणं एकेक करून सापडली. धाकट्याला ताप होता, म्हणून तीन रात्री झोप नव्हती. आदल्या रात्री जेवण जेमतेम. रात्रभरच्या उपासानं यकृतातला साखरेचा साठा कमी झालेला असतो, त्यात चढावर जोरात धावलं की स्नायूंमधला साठाही भराभर संपतो. आणि सुरुवातच दुसऱ्यांच्या वेगानं. लांब धावेत आपल्याला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, हा साधा नियम मी विसरले होते. म्हणजे माझी दोन वर्षांची मेहनत वाया गेली नव्हती. फक्त तो दिवस वाईट होता.

मोरोक्कोच्या हिशाम अल गेरूजचं उदाहरण मला अशा वेळी आठवतं. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरच्या अंतिम शर्यतीत, शेवटची फेरी सुरू होताना तो अडखळून पडला आणि सर्वांत शेवटी आला. 1998 मध्ये त्यानं 3 मिनिटं 26 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तरी 2000 मध्ये सिडनीला सुवर्ण हुकलंच. 2004 मध्ये अथेन्सला मात्र त्यानं 1500 आणि 5000 मीटर, दोन्ही जिंकल्या. मधल्या आठ वर्षांत त्याच्या किती सकाळी वाईट गेल्या असतील, याची कुठे नोंद नाही. आपल्याला फक्त पदकं दिसतात.

भगिनींनो, एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. नेट लावणं वेगळं आणि हट्ट वेगळा. छातीत दुखलं, चक्कर आली, अंगात ताप असला, किंवा गुडघ्यात, नडगीत एकाच जागी टोचल्यासारखं दुखू लागलं, तर तिथंच थांबायचं. गेल्या वर्षी नडगीचं दुखणं अंगावर काढून मी धावले आणि सहा आठवडे घरी बसले. पण पाय जड आहेत, कंटाळा आलाय, आज जमत नाहीये, एवढंच असेल तर वेग कमी करा, चाला, पण ठरवलेलं अंतर शक्यतो पुरं करा. स्पर्धेच्या दिवशीही असं वळण येणारच आहे. ते आधी एकदा पार केलेलं असलं की तेवढी भीती वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा घाटात गेले. आदल्या रात्री नीट जेवले, निघताना चार खजूर खाल्ले आणि मुलांना पुढे जाऊ दिलं. वेळ फार सुधारली नाही, पण दुसऱ्या वळणावर मी थांबले नाही. स्पर्धेला अजून काही आठवडे आहेत. काय होईल ते होईल. गंमत म्हणजे काल रात्री अम्मींनीच विचारलं, "उद्या रविवार ना? मग खजूर काढून ठेवू का?"