सहा लिटरचा हट्ट कशासाठी?



पीळदार शरीरासाठी रोज सहा लिटर पाणी प्यायलेच पाहिजे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आग्रह रुबाबदार आहे, पण त्याला आधार नाही. स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, हे त्यांचे म्हणणे खरे. मात्र वरून जास्त ओतल्याने स्नायू वाढत नाहीत. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात, तेही तासाला साधारण लिटरभरच.

त्यापुढे रक्तातले सोडियम उतरू लागते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये सिंथिया लुसेरो ही २८ वर्षांची धावपटू यामुळेच दगावली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तर १३ टक्क्यांचे सोडियम कमी भरले!

अर्थात, खेडसारख्या ठिकाणी पाण्याकडे दुर्लक्षही परवडणारे नाही. एप्रिल-मेच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या व्यायामशाळेत तर विचारूच नका. तेव्हा सरसकट आकड्यापेक्षा वजनकाटा बरा. व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले, तर जवळपास एक लिटर घाम गेला. घट दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे ७० किलोच्या तरुणासाठी १.४ किलोच्या आत राहावी. गेलेले पाणी हळूहळू भरून काढावे.

पत्रलेखकाने हिशेबातून वगळलेली पेज, ताक आणि मीठ घातलेले कोकम सरबतही त्यात धरायला हवे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

— एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)