आकडा कमी, म्हणून वस्ती निर्भय?

उपनगरात घर घेऊ पाहणारा मनुष्य आधी पाण्याची चौकशी करतो, मग शाळेची, आणि शेवटी हलक्या आवाजात विचारतो, 'भाग कसा आहे?' गोवंडी, मालवणी, विक्रोळी ही नावे उच्चारताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी बहुधा तेथे एक रात्रही काढलेली नसते. उलट, त्या वस्त्यांत ज्यांचा जन्म गेला अशी आपली कित्येक कुटुंबे 'आमच्याकडे गुन्हे होत नाहीत' असे अभिमानाने सांगतात, आणि त्याच घरातील मुलगी रात्री नऊनंतर सार्वजनिक शौचालयात एकटी जाण्यास धजत नाही. बंधुभगिनींनो, ही विसंगती आपण कधी तपासून पाहिली आहे काय?

प्रथम आकड्याचे स्वरूप समजून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो दरवर्षी जो अहवाल काढतो, त्यात दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे नोंदले गेले हे दिलेले असते. नोंदले गेले, घडले नव्हे. एकाच फिर्यादीत चार गुन्हे असले तर ज्याची शिक्षा सर्वांत मोठी तेवढा एकच मोजण्यात येतो. शिवाय महानगराचा आकडा एकच. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतची सारी मुंबई त्यात एकत्र कालवलेली असते. तुमच्या गल्लीचे त्यात काही दिसत नाही. केरळचा दर वर्षानुवर्षे देशात वरच्या बाजूस राहत आला, तो तेथील माणसे अधिक दुष्ट म्हणून नव्हे. तेथे फिर्याद देण्याची व घेण्याची सवय अधिक, असेच जाणकार मानतात. आकडा चढला म्हणजे गुन्हेगारी वाढली असे समजू नये, हे खुद्द ब्युरोही बजावतो. खून तेवढा सहसा लपत नाही. सबब दोन भागांची तुलना करावयाचीच झाली तर ती खुनांच्या आकड्यावरून करावी. चोरी, मारहाण, छेडछाड यांच्या आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही.

ठाण्यात काय घडते ते आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. खिशातून फोन मारला जातो आणि कागदावर तो 'गहाळ' होतो. घरात घुसून मारहाण होते आणि तिची नोंद 'अदखलपात्र' म्हणून होते. वास्तविक दुसऱ्याच्या घरात असे घुसणे हाच दखलपात्र गुन्हा आहे. अदखलपात्र नोंदीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाखेरीज पोलिसाला तपास करता येत नाही, हे फिर्यादीला कोणी सांगत नाही. तो चिठोरे घेऊन घरी येतो आणि आपले काम झाले असे समजतो. प्रत्येक ठाण्यात असेच चालते असे आमचे म्हणणे नाही. परंतु अधिकाऱ्याची पाठ कमी आकड्याबद्दल थोपटली जाऊ लागली की नोंद टाळण्याचा मोह त्याला होणारच.

तथापि आपला माणूस मुळात ठाण्याची पायरीच चढत नाही, आणि त्यालाही कारण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की अमुक वस्तीतील पोरे आधी उचलावयाची ही वृत्ती गेलेली नाही. आणि ११ जुलै १९९७ ची सकाळ घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील कोणते कुटुंब विसरेल? बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचे प्राण गेले. न्या. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. ज्यांनी रक्षण करावयाचे त्यांच्याच बंदुका जेथे रोखल्या गेल्या, तेथे 'पोलिसांकडे जा' असे सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आम्ही ते सांगत आहोत, कारण न बोलण्यानेही माणसे मरतात.

मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. दारूचा गुत्ता शेजाऱ्यांना ठाऊक नसतो असे कोठे घडते काय? कोणाच्या दारातून कोण झोकांड्या खात निघतो हे सारी गल्ली पाहत असते. पण गुत्तेवाला 'आपला' असतो, वर्गणी सढळ हाताने देतो, म्हणून कोणी बोलत नाही. पंचशील घेतलेल्यांच्या जयंतीच्या मंडपाला दारूचा पैसा चालतो, यावर अधिक लिहिण्याची आम्हास लाज वाटते. सुनेला होणाऱ्या मारहाणीचेही तेच. भिंतीला कान लावण्याची गरज नसते, पण 'घरचे प्रकरण' म्हणून दारे लोटून घेतली जातात.

आता कायदा पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. 'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाणे नकार देईल तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांना, मुंबईसारख्या शहरात पोलीस उपायुक्तांना लेखी कळवावे, आणि तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांची खबर नोंदवण्यास नाकारणाऱ्या लोकसेवकास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. आणखी एक. 'तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू नाही' असे कोणी सांगू लागला तर त्याला १९९० ची दुरुस्ती दाखवा. त्या वर्षापासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा तो दर्जा कायद्याने मान्य आहे, आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही त्यांना आहे.

एकट्याने हे जमत नाही, हे खरे. म्हणून विहारात एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोठे काय घडले, ठाण्यात कोण गेले, नोंद झाली की परत पाठवले, झाली असल्यास क्रमांक काय, एवढेच त्यात असावे. पीडित स्त्रीचे नाव मात्र लिहू नये. तक्रारदाराबरोबर दोन शिकलेली माणसे जावीत, बाई असल्यास त्यांत एक बाई असावी, आणि जबाब वाचून पाहिल्याशिवाय त्यावर सही होऊ नये. पथदिवा कोणत्या रात्री विझला, शौचालयाच्या दाराची कडी कधी तुटली, हेही त्याच वहीत लिहा. कारण ज्या वाटेवर मुलीला भीती वाटते ती वाट पोलिसांइतकीच महापालिकेच्याही ताब्यात आहे, आणि प्रभाग कार्यालयात तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा तारीखवार मजकुराचा अर्ज आणि त्याच्या प्रतीवरील पोचेचा शिक्का अधिक उपयोगी पडतो.